पाचपैकी तीन

बीटची काढणी सुरू झाली की काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, बसला ड्रायव्हर मिळेनासे होत. शेतांच्या कडेला बीटचे ढीग लागायचे, आणि ते कारखान्यावर नेणारे मोठे ट्रक दिवसभर धावायचे. त्या ट्रकवर पगार जास्त. ऑक्टोबर उजाडला की काउंटीचा एकेक ड्रायव्हर चावी टेबलावर ठेवून तिकडे जायचा आणि यामिनीची झोप उडायची.

काउंटीच्या बस खात्यात माणसं नेमायची, टिकवायची आणि गेली की नवी शोधायची, हे यामिनीचं काम. तिचा नवरा वेदांत पवनचक्क्यांच्या देखभालीवर होता. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरापासून दोन तास उत्तरेला, घेवड्याच्या आणि बीटच्या शेतांमध्ये, एका जुन्या फार्महाउसमध्ये ते भाड्याने राहत. वेदांतचे आईवडील, मोहनराव आणि प्रतिमाताई, आता कायमचे त्यांच्याकडे आले होते. मोहनराव कऱ्हाडच्या कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले. साखर कारखान्याचा तो गोडूस, कुबट वास त्यांना जन्मापासून ओळखीचा होता. फक्त इथे उसाच्या जागी हे बीट होतं, फुगलेल्या रताळ्यासारखं, मातीने माखलेलं.

सप्टेंबरात मोहनरावांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आठवड्यातून दोनदा गावातल्या दवाखान्यात व्यायामाला जायचं होतं. वेदांत उजाडायच्या आत टॉवरवर चढलेला असे, यामिनी ऑफिसात. प्रतिमाताई शाळेच्या कॅन्टीनमध्ये मुलांना जेवण वाढायच्या कामाला लागल्या होत्या, त्या तीनला घरी येत. म्हणून मोहनराव काउंटीच्या बसने जाऊ लागले. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं की ही लहान बस दारातून घेऊन जाई आणि परत आणून सोडी. बसणारी बहुतेक मंडळी म्हातारीच होती.

ड्रायव्हरचं नाव अर्ल. साठी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, हाताची बोटं जाड आणि वाकडी. आयुष्यभर गायी पाळल्या, दुधाचा भाव परवडेना तेव्हा विकून टाकल्या, आणि उन्हाळ्यात काउंटीकडे ड्रायव्हर म्हणून लागला. अजून प्रोबेशनवर होता. वर्षअखेरीला कायम झाला तर त्याला काउंटीचा विमा मिळणार होता. बायकोच्या मूत्रपिंडाचं दुखणं होतं, औषधं महाग होती. ट्रकवर पगार जास्त मिळाला असता, पण ते काम हंगामी आणि विमा नाही. म्हणून बीटच्या दिवसांतही तो बस सोडून गेला नव्हता.

अर्ल घाई करत नसे. बसच्या पायरीवर त्याने जुन्या गालिच्याचा तुकडा घातला होता, म्हणजे बर्फाळ बुटांनी कुणी घसरू नये. मोहनरावांना चढता-उतरताना त्याने कधी हाताला धरून ओढलं नाही. शेजारी नुसता उभा राहायचा, खांदा जरा पुढे करून. एकदा मोहनरावांनी संकोचत माफी मागितली, माझ्यामुळे उशीर होतोय म्हणून. तेव्हा तो म्हणाला होता की गायीला ट्रेलरमधून उतरवताना ओढायचं नसतं, जवळ उभं राहायचं, ती आपण होऊन पाय टाकते. मोहनरावांना आपली गायीशी केलेली तुलना आवडली.

परतताना नियमाप्रमाणे बसने रस्त्यावर, पत्रपेटीपाशी सोडायचं असे. अर्ल खडीच्या वाटेने थेट मागच्या दारापर्यंत आणायचा. मोहनराव कुलूप काढून आत जायचे, बूट काढायचे, भिंत धरत स्वयंपाकघराच्या पलीकडच्या टोकाला जाऊन दिवा लावायचे. नोव्हेंबरात भरदुपारीही घरात अंधारलेलं असे. खिडकीत उजेड दिसला की अर्ल हॉर्न वाजवून निघायचा. तोपर्यंत नाही.

नोव्हेंबरातल्या एका दिवशी व्यायामानंतर मोहनराव पुष्कळ पाणी प्यायले. बसमध्ये आणखी दोन बायका होत्या, त्यांना आधी सोडायचं होतं. निम्म्या वाटेत मोहनरावांना राहवेना. सांगायचं कसं, बायकांसमोर, आणि इंग्रजीत. ते काठीची मूठ घट्ट धरून बाहेरच्या बीटच्या ढिगांकडे बघत राहिले. कपाळाला घाम आला. अर्लने आरशातून एकदा बघितलं असावं. त्याने बस मुख्य रस्त्यावरून आत वळवली, एका पांढऱ्या घरापुढे थांबवली आणि सगळ्यांना मोठ्याने सांगितलं की हे माझं घर, कुत्र्याला पाणी ठेवायचं राहिलंय, दोन मिनिटं लागतील. मग मोहनरावांकडे वळून म्हणाला, "मिस्टर मोहन, तुम्हीही पाय मोकळे करा. आत डाव्या हाताला बाथरूम आहे."

त्या दिवशी सगळ्यांनाच उशीर झाला.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी बसमध्ये प्रत्येकाला एक कार्ड मिळालं. 'आमच्या सेवेबद्दल आपलं समाधान कळवा.' खाली ड्रायव्हरचं नाव आणि रकाने: गाडी चालवणं, वागणूक, स्वच्छता, वक्तशीरपणा. प्रत्येकापुढे एक ते पाच. खाली मत लिहायला जागा. ते कार्ड यामिनीनेच तयार केलं होतं, हे मोहनरावांना माहीत होतं. म्हणून त्यांनी ते नीट, मनापासून भरायचं ठरवलं.

जेवणाच्या टेबलावर चष्मा पुसून ते बसले. गाडी चालवणं. अर्ल चांगला चालवायचा, पण घेवड्याच्या गोदामापाशी वळणावर जरा जोरात घ्यायचा. तीन. पाचपैकी तीन म्हणजे शंभरातले साठ, फर्स्ट क्लास. स्वच्छता तीन. वागणूक? इथे त्यांचं पेन थांबलं. बराच विचार करून त्यांनी चार केले. चार म्हणजे डिस्टिंक्शनच्याही वर. उभ्या आयुष्यात विद्यापीठाचे पेपर तपासताना असे मार्क त्यांनी क्वचितच दिले होते. वक्तशीरपणा मात्र... बस उशिरा येई, ही गोष्ट खरी होती. दोन. खाली त्यांनी लिहिलं, की ड्रायव्हर सज्जन आणि कर्तव्यदक्ष आहे, वळणावर वेग कमी ठेवावा, सुधारणेला वाव आहे.

ओट्याशी घेवड्याची उसळ फोडणीला टाकत असलेल्या प्रतिमाताईंनी मान वळवून बघितलं.

"किती दिलेत?"

मोहनरावांनी सांगितलं.

"चार! मग त्या माणसाचं नशीब मोठं," त्या म्हणाल्या. "माझी आमटी इतक्या वर्षांत 'बरी झालीये'च्या पुढे गेली नाही."

"बरी म्हणजे चांगलीच की."

"तुमच्या डोक्यात. ताटात कधी आलं नाही ते."

मोहनरावांनी कार्ड पाकिटात घालून चिकटवलं. एखाद्या होतकरू मुलाचा पेपर नीट तपासल्यावर वाटायचं तसं त्यांना वाटलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला यामिनी एका संध्याकाळी घरी आली ती कोटही न काढता खुर्चीवर बसली. वेदांतने तिच्यापुढे चहा ठेवला. ती म्हणाली की अर्लला कन्फर्म करता येणार नाही.

"का?" वेदांतने विचारलं. "तूच म्हणायचीस ना, तो बेस्ट आहे?"

"आहेच. पण स्कोअर कमी आलाय यार. साडेचारच्या वर पाहिजे. बिचाऱ्याची कार्डंच मोजकी आली, त्यात एकाने असा झोडपलाय ना. तीन, तीन, आणि पंक्च्युअॅलिटीला टू. त्याच्यामुळे अख्खा अॅव्हरेज खाली आला."

मोहनरावांचा घास हातातच राहिला.

"तीन म्हणजे झोडपणं कसं?" त्यांनी विचारलं.

"बाबा, इथे तीन म्हणजे कम्प्लेंट असते. तीन दिले की समजायचं माणूस चिडलाय."

"मग ठीक असेल तर किती द्यायचे?"

"पाच."

"आणि ठीकपेक्षा चांगला असला तर?"

"तेही पाच."

"आणि असा माणूस पुन्हा मिळणार नाही, असं वाटलं तर?"

यामिनी थकलेली होती, तरी तिला हसू आलं. "पाचच, बाबा. पाचच्या पुढे काही नसतं." मग तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. प्रतिमाताईही बघत होत्या. मोहनरावांनी घास ताटात परत ठेवला आणि म्हणाले, "सुधारणेला वाव आहे, असंही लिहिलंय का खाली?"

यामिनीने डोळे मिटून घेतले.

वेदांतचं म्हणणं पडलं की सोपं आहे, ते कार्ड बाजूला काढायचं. यामिनी एकदम ताठ झाली. ती या खात्यात आली तेव्हा कायम कोणाला करायचं हे काउंटीच्या कारभारी मंडळातल्या लोकांच्या ओळखीवर ठरायचं. कुणाचा भाचा, कुणाचा शेजारी. बसमध्ये बसणाऱ्यांना कुणी विचारायचं नाही. तिने दोन वर्षं भांडून हा नियम आणला होता, की बसणाऱ्यांना विचारा आणि आकडे बघा, ओळख बघू नका. आता घरच्याच माणसाचं कार्ड तिने काढलं तर तिच्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला? आणि अर्ल कसा आहे हे तिने सांगून उपयोग नव्हता, तो नियम तिचाच होता.

"मग मी काय करू?" मोहनरावांनी विचारलं.

ती म्हणाली की गुरुवारी दुपारी मंडळाची बैठक आहे, तिथे कायम करायच्या नावांवर मतदान होईल. सुरुवातीला कुणाही नागरिकाला तीन मिनिटं बोलता येतं. पण तुम्ही यावंच असं मी म्हणत नाही.

मोहनरावांना लोकांसमोर बोलायची धास्ती होती. वर्गात ते पुस्तकात बघून शिकवत. स्टाफरूममध्ये त्यांनी कधी मोठ्याने मत दिलं नव्हतं. इथे आल्यापासून तर दुकानात सुटे पैसे परत घेतानाही ते 'थँक्यू' दोनदा मनात म्हणून बघत. पुढचे दिवस ते खोलीत बसून इंग्रजी वाक्यं लिहीत आणि खोडत राहिले. लिहिलेलं वाचलं की वाटे, हे फार पुस्तकी झालं. पुन्हा लिहिलं की वाटे, हे फार केविलवाणं झालं. गुडघ्याचे व्यायाम करताना, पाय भिंतीला लावून मोजता मोजता, ते ती वाक्यं पुटपुटत. प्रतिमाताईंनी एकदा ऐकलं आणि म्हणाल्या, "त्या मंडळाला काय शोधनिबंध वाचून दाखवताय? काय झालं ते सांगा."

गुरुवारी प्रतिमाताईंनी शाळेतून रजा घेतली. बस आली. चालवायला अर्लच होता. बर्फ भुरभुरत होतं. प्रतिमाताई आधी चढल्या, मागे मोहनराव, गालिच्याच्या तुकड्यावर पाय रोवत. बसमध्ये दुसरं कुणी नव्हतं. अर्लला सांगावंच लागणार होतं. घरापासून चर्चपर्यंत जमलं नाही. चर्चपासून पेट्रोलपंपापर्यंत जमलं नाही. प्रतिमाताईंनी कोपराने ढोसलं.

"अर्ल," मोहनराव म्हणाले, "कार्डावर तीन देणारा मी होतो."

समोर घेवड्याचं गोदाम आलं. अर्लने ब्रेकवर पाय ठेवून वळण अगदी सावकाश घेतलं.

"ऑफिसात मला कार्डं दाखवली. वळणाचं लिहिणारे तुम्हीच?"

"हो."

"मला वाटलंच," अर्ल म्हणाला. "दुसरं कुणी पूर्ण वाक्यात लिहीत नाही."

मोहनरावांनी घाईघाईने सांगायला सुरुवात केली, की आमच्याकडे तीन म्हणजे फर्स्ट क्लास, पस्तीसला पास होतात, पैकीच्या पैकी कुणी कुणाला देत नाही, दिले तर तपासणाऱ्यावर संशय घेतात. इंग्रजी अडखळत होतं. अर्लने ऐकून घेतलं. वायपर दोनचार वेळा इकडून तिकडे गेले.

"माझी एक गाय काउंटीच्या जत्रेत तिसरी आली होती," तो म्हणाला. "फार चांगली गाय होती."

मग त्याने विचारलं की बैठकीला जाऊन तुम्ही काय सांगणार. मोहनराव म्हणाले, माहीत नाही. अर्ल म्हणाला, मलाही आत यायचंय, माझं नाव आहे म्हणून. पण बस वेळेवर परत न्यावी लागेल.

मंडळाची खोली शाळेच्या वर्गासारखी होती, तसाच रंगाचा आणि ओल्या कोटांचा वास. लांब टेबलामागे मंडळाचे लोक बसले होते, मध्ये अध्यक्षबाई, ज्यांचं गावात पूर्वी औषधांचं दुकान होतं. समोर घडीच्या खुर्च्यांवर पंधरावीस माणसं. त्यांत बसमधल्या दोघी बायका होत्या, मोहनरावांनी ओळखल्या. अर्ल सगळ्यात मागे टोपी मांडीवर ठेवून बसला. अध्यक्षबाईंनी मोहनरावांचं नाव अडखळत वाचलं तेव्हा यामिनी टेबलाच्या कडेच्या खुर्चीवरून उठली. हे माझे सासरे आहेत, हे नोंदवून घ्यावं, आणि या विषयावर मी बोलणार नाही, असं तिने सांगितलं आणि खाली येऊन प्रतिमाताईंशेजारी बसली.

मोहनराव काठी टेकत माइकपाशी गेले. लिहिलेला कागद खिशात होता. कागद काढायला गेले तर काठी सोडावी लागणार होती. त्यांनी काठी धरून ठेवली. मार्कांचं सगळं त्यांनी कसंबसं सांगितलं. टेबलामागचे लोक सौम्य चेहऱ्याने ऐकत होते, पण त्यांच्यापर्यंत पोचतंय असं दिसेना. मग मोहनराव थांबले. पुढचं त्यांनी घरी लिहिलं नव्हतं.

"वक्तशीरपणाला मी दोन दिले," ते म्हणाले, "कारण त्या आठवड्यात बसला उशीर झाला होता. उशीर माझ्यामुळे झाला होता. मला बाथरूमला जायचं होतं, आणि सांगायची लाज वाटत होती. यांनी बस स्वतःच्या घरी नेली. सगळ्यांना म्हणाले, कुत्र्याला पाणी ठेवायचंय." त्यांनी काठीवरचा हात बदलला. "मी आत गेलो, बाहेर आलो. ताटली नव्हती, साखळी नव्हती. त्यांच्याकडे कुत्रा नाही."

मागच्या बाजूला अर्ल टोपीच्या आतलं अस्तर बघत होता.

टेबलाच्या टोकाशी बसलेल्या, घेवड्याची शेती करणाऱ्या एका सदस्याने घसा साफ केला आणि विचारलं की आज पुन्हा कार्ड दिलं तर तुम्ही किती द्याल.

सगळे मोहनरावांकडे बघू लागले. यामिनीने हात घट्ट एकमेकांत अडकवले. मोहनरावांनी खरोखरच विचार केला. एक एक रकाना डोळ्यांपुढे आणला. वेळ गेला.

"चार," ते म्हणाले. "साडेचारसुद्धा देता येतील."

आधी तो शेतकरी हसला, मग सगळी खोली हसली. प्रतिमाताईंनी कपाळाला हात लावला. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं की उरलेलं कशाला कापलं.

"ते मला दारात सोडून दिवा लागेपर्यंत थांबतात," मोहनराव म्हणाले. "पुढच्या माणसाला तेवढा उशीर होतो. ते खरं आहे. पण तो पुढचा माणूस मी असतो तेव्हा मला ठाऊक असतं, की कुणाच्या तरी दिव्यासाठी थांबलेत."

बसमधल्या दोघींपैकी एक बाई बसल्या जागेवरून म्हणाली की माझ्याकडेही तसंच थांबतो, आणि ते कार्ड मी भरलंच नाही, कारण ते अर्लच्या नोकरीचं आहे असं मला कुणी सांगितलं नाही. अध्यक्षबाईंनी तिला आपली पाळी येईपर्यंत थांबायला सांगितलं. मग तिची पाळी आली, आणि आणखी काही जणांची.

मंडळाने त्या दिवशी अर्लला कायम केलं नाही, नाकारलंही नाही. कार्डावर आकड्यांचा अर्थ लिहून आणि कशासाठी विचारतोय ते सांगून सगळ्यांना पुन्हा विचारावं, तोवर प्रोबेशन वाढवावं, असं ठरलं. नवं कार्ड यामिनीने केलं. उतरलेला माणूस घरात पोचेपर्यंतचा वेळ वेळापत्रकात धरावा, अशी सूचनाही तिने मंडळापुढे ठेवली. ती चर्चेला राहिली.

परत येताना बसमध्ये प्रतिमाताई म्हणाल्या, "पाच म्हटलं असतंत तर जीभ झडली असती का?"

"खोटं झालं असतं."

"साडेचार म्हणालात, तेव्हा मला वाटलं आता आमटीचंही काही खरं नाही."

जानेवारीत कार्ड आलं. मोहनरावांनी ते दोन दिवस टेबलावर ठेवलं. मग पेन घेतलं. गाडी चालवणं, पाच. वागणूक, पाच. लिहिताना हाताला कसंतरीच झालं, पण लिहिलं. स्वच्छता, पाच. वक्तशीरपणापाशी यामिनी मागून जाता जाता थांबली.

"तू बघू नकोस," मोहनराव म्हणाले. "नियम आहे."

ती निघून गेली. त्यांनी चार लिहिले.

फेब्रुवारीत अर्ल कायम झाला. त्या रात्री जेवताना मोहनरावांनी आमटीचा भुरका घेतला आणि म्हणाले, "छान झालीये." प्रतिमाताईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेदांतला सांगितलं की स्वयंपाकघरातल्या दिव्याचं एक बटण मागच्या दाराशी पाहिजे. वेदांत म्हणाला, "बाबा, गुडघा आता बरा आहे की तुमचा. पलीकडे जायला काय होतं?"

"गुडघ्याचा प्रश्न नाही. अर्लचा तो एक मार्क माझ्यामुळे जातो."

वेदांतने रविवारी भिंत फोडून, वायर ओढून दाराच्या चौकटीला लागून बटण बसवून दिलं. मंगळवारी बस मागच्या दाराशी थांबली. उतरताना मोहनरावांनी प्रतिमाताईंनी केलेल्या चिवड्याची पिशवी अर्लच्या हातात दिली. आज ते काठीवर भार न देता पायऱ्या चढले, त्यांनी कुलूप काढलं, आणि बूटही न काढता बटण दाबलं. खिडकीत उजेड पडला. एवढ्या लवकर तो कधी पडला नव्हता.

मोहनराव दाराआड उभे राहून हॉर्नची वाट बघू लागले. हॉर्न वाजेना. इंजिन नुसतं घरघरत होतं. त्यांनी पडदा बाजूला केला. अर्ल स्टिअरिंगवर पिशवी उघडून बसला होता आणि जाड बोटांनी शेंगदाणे निवडून तोंडात टाकत होता. त्याचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं.

मोहनरावांनी दिवा बंद केला आणि पुन्हा लावला. अर्लने वर बघितलं, हात केला, आणखी एक घास तोंडात टाकला, मग हॉर्न वाजवला आणि सावकाश बस मागे घेऊ लागला.

"चारच," मोहनराव पडदा सोडत म्हणाले, आणि बूट काढायला बसले.